सोसायटीचे सचिव प्रशिक्षण घेतात, काम मात्र जुन्याच वह्यांवर. पुढे काय करावं?

माणदेशी_प्रशिक्षक (प्रश्न)

नमस्कार. मी तालुक्यातल्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या (शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावपातळीवरच्या सहकारी संस्थांच्या) गटसचिवांना आणि संचालकांना संगणकीकरणासाठी तयार करण्याचं काम करते. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३,००० सोसायट्यांसाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, तीच ही. संगणक आले, प्रिंटर आले, नाबार्डचं सॉफ्टवेअर आलं. प्रशिक्षणं झाली, हजेरीपट भरले, फोटो गेले.

प्रत्यक्षात काय चाललंय सांगते. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, अजून हातानेच लिहिली जाते. महिनाअखेरीला कुणाचा तरी पुतण्या येतो आणि साठलेल्या पावत्या एका बैठकीत चढवतो. सॉफ्टवेअरमध्ये रोजचा दिवस उघडायचा आणि संध्याकाळी बंद करायचा असतो. इथे तीस दिवस एका दुपारी उघडतात आणि त्याच दुपारी बंद होतात. वरच्या अहवालात मात्र संस्था ‘सुरू’.

आता वरून उजळणी प्रशिक्षणाची सूचना आली आहे. मला त्यात अर्थ दिसत नाही, कारण पावती कशी चढवायची हे सचिवांना येतं. एका सचिवांनी तर मलाच एक जवळची वाट दाखवली. येत असूनही करत नाहीत, ही खरी अडचण. संचालक मंडळ सांगितलेल्या जागी सही करून मोकळं होतं. मग मी नक्की कुणाला आणि काय शिकवू? ज्यांनी सोसायट्यांमध्ये किंवा जिल्हा बँकेत काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

निवृत्त_गटसचिव

ताई, प्रश्न बरोबर विचारलात. माझं सगळं आयुष्य या कामात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे सचिव हा त्या सोसायटीचा नोकर आहे असं समजू नका. आमच्याकडे तो जिल्ह्याच्या केडरचा, म्हणजे सगळ्या सोसायट्यांसाठी मिळून ठेवलेल्या सचिववर्गाचा माणूस. पगार सोसायट्यांच्या वर्गणीतून, आणि वर्गणी थकली की पगारही थकतो. एकाकडे तीन-चार गावं. मार्चमध्ये वसुली, एप्रिल-मेमध्ये क.म. पत्रकं (कुणाला किती पीककर्ज द्यायचं याचे तक्ते) आणि खरिपाचं वाटप, जुलैअखेर ऑडिट, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. तुम्ही मार्चमध्ये वर्ग ठेवला तर तो येईल, चहा घेईल आणि मागच्या बाकावर बसून फोनवर वसुली करील. त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही.

दुसरं, त्याच्याकडे कागद मागणारे तिघे असतात. ऑडिटरला हाताने लिहिलेली, पान क्रमांक घातलेली कीर्द लागते. बँकेच्या शाखेला पत्रकं तिच्या नमुन्यात हवी असतात. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाला ‘आज संध्याकाळपर्यंत’ म्हणून तिसऱ्याच तक्त्यात माहिती हवी असते. संगणकाचा प्रिंट या तिघांपैकी कुणीच अंतिम मानत नाही. मग सचिवाने तो आधी का काढावा? त्याच्या दृष्टीने ते चौथं काम.

२००६ साली सहकारी पतसंस्था सावरण्यासाठी केंद्राचं वैद्यनाथन पॅकेज आलं तेव्हाही एकसारखी हिशेब पद्धत आली होती. नवे नमुने, नव्या वह्या, वर्ग सगळं झालं. आमच्या भागात नव्या वह्या जुन्यांच्या शेजारी कपाटात गेल्या. कारण एवढंच की जुनी वही आजपासून बंद, असं कुणी लेखी सांगितलं नाही.

आणि आता जी गोष्ट वर्गात कुणी बोलणार नाही ती. नवं-जुनं. ३१ मार्चला सभासदाकडे पैसे नसतात. तो कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी उचलतो, कर्ज भरतो, लगेच नवं उचलतो आणि उसने फेडतो. तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर व्याज शून्य, म्हणून सगळा आटापिटा. या धावपळीत दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात आणि हाताच्या कीर्दीत त्याला जागा असते. सॉफ्टवेअरमध्ये दिवस बंद झाला की तारीख मागे जात नाही. सभासद, चेअरमन, वसुलीची टक्केवारी दाखवणारी शाखा, सगळ्यांची त्या वहीमुळे सोय होते. सचिव एकटा वहीला चिकटून बसलेला नाही, त्याच्याभोवतीचे सगळे तिला धरून आहेत. तुम्ही मात्र एकट्या सचिवाला वर्गात बसवताय.

बँक_विकास_अधिकारी

सचिवसाहेबांचं बरंचसं पटलं, पण बँकेवर जरा जास्तच ढकललंय. मी जिल्हा बँकेत वसुली आणि तपासणी दोन्ही पाहतो. आम्ही प्रिंट नाकारतो कारण त्यातले आकडे जुळत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीच्या बाक्या भरल्या तेव्हा घाई झाली. २०१७ ची कर्जमाफी, २०१९ ची कर्जमुक्ती, त्यातले अपात्र ठरलेले, नंतर पात्र झालेले, मयत सभासदांची खाती, वारसांच्या नावावर न झालेली खाती. एकूण बेरीज ताळेबंदाला मिळवून दिली, पण सभासदवार यादी उघडली की एकाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर.

त्यात अनिष्ट तफावत आहेच. सोसायटीला सभासदांकडून येणं कमी आणि बँकेला देणं जास्त. हे कागदावर जुनंच होतं, पण संगणकाने ते एका ओळीत समोर आणलं. काही चेअरमनना ती ओळ छापील नको आहे.

मॅडम, नोंदी शिकवणं थांबवा आणि बाकी पडताळणी हाती घ्या. चावडीत किंवा देवळात यादी वाचायची, सभासदाने आपली बाकी मान्य करून सही करायची. कंटाळवाणं काम आहे, भांडणं होतात. पण एकदा ती यादी स्वच्छ झाली की माझ्यासारख्या माणसाला प्रिंट नाकारायला कारण उरत नाही. सगळा तालुका घेऊ नका. एका शाखेखालच्या चार-पाच सोसायट्या घ्या. शाखाधिकारी तयार असेल तर क.म. पत्रक त्याच प्रिंटवर स्वीकारायचं, एवढं त्याच्याशी आधी ठरवा.

नवं-जुन्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. समजून घ्या.

संचालिका_राखीव_जागेवरून

मंडळ सही करून मोकळं होतं हे खरं. मी स्वतः महिलांच्या दोन राखीव जागांपैकी एका जागेवर आले, तेव्हा सभेत माझ्यापुढे चहाआधी रजिस्टर यायचं. पण संचालकांना सॉफ्टवेअर शिकवायला जाऊ नका, त्यांना काय मागायचं ते शिकवा. मी एकच मागणी धरली: मासिक सभेला थकबाकीची यादी आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाक्यांचा गोषवारा), दोन्ही संगणकावरची. पहिल्यांदा हाताने लिहिलेली आली. मी सही केली नाही, सभा तहकूब झाली, चेअरमन चिडले. पुढच्या सभेला प्रिंट आला. त्यात गेल्या आठवड्याचा भरणा नव्हता, तेही विचारलं. तेव्हापासून पुतण्याची वाट बघणं कमी झालंय. बंद झालं असं म्हणणार नाही.

दुसरं, मी आधी बचत गटात होते. ‘उमेद’मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, गट बांधायला वर्धिनी येतात, म्हणजे स्वतः गटात राहून पुढे आलेल्या बायका. त्या गावात मुक्काम करतात, स्वतःच्या गटाचं रजिस्टर कसं चुकत होतं तेही सांगतात. साहेबाने सांगितलेलं आणि तिने सांगितलेलं यात फार फरक पडतो. तुमच्या तालुक्यात एखादा सचिव खरंच रोज दिवस बंद करत असेल. त्यालाच दुसऱ्या गावी दोन दिवस पाठवा. तुम्ही जाऊ नका.

माणदेशी_प्रशिक्षक

सगळ्यांचे आभार. उजळणी वर्गाऐवजी असा प्रस्ताव मांडते: एक शाखा, पाच सोसायट्या, आधी बाकी पडताळणी. बैठकीला शाखाधिकारी, त्या पाच सोसायट्यांचे ऑडिटर आणि सहायक निबंधक कार्यालयातला माणूस एकत्र. विषय एकच, कोणता प्रिंट कोण कोणत्या तारखेपासून स्वीकारणार, आणि त्याचं इतिवृत्त. संचालकांसाठी वेगळा अर्धा दिवस, त्यात फक्त तेरीज आणि थकबाकी यादी वाचायची कशी.

अडचण आमच्याच अहवालाची. त्यात रकाना आहे ‘प्रशिक्षित व्यक्तींची संख्या’. पाच सोसायट्या म्हटल्यावर वरून विचारतील, बाकीच्यांचं काय? आणि २०२३ च्या आदर्श उपविधींमुळे (सोसायट्यांसाठी केंद्राने दिलेल्या नमुना नियमावलीमुळे) खतविक्री, जन औषधी, सेवा केंद्र असे पंचवीसहून जास्त व्यवसायही याच सचिवांना शिकवा, असा आग्रह आहेच. काका, रोज दिवस बंद करणारे सचिव एक आहेत माझ्या यादीत. ते यायला तयार होतील का?

निवृत्त_गटसचिव

होतील, पण दोन गोष्टी बघा. तो दोन दिवस बाहेर गेला तर त्याच्या गावचा दिवस कोण बंद करणार, हे आधी ठरवा. आणि प्रवासभत्ता कुठून, हे लेखी द्या. केडरकडून मिळेल असं त्याला सांगितलं तर तो हसेल.

खतविक्रीचं वगैरे यंदा राहू द्या. ज्या सोसायटीची सभासद यादी जुळत नाही तिने उधारीवर खत विकलं तर आणखी एक न जुळणारी यादी तयार होईल.

रकान्याचं म्हणाल तर त्या पाच सोसायट्यांच्या सगळ्या संचालकांची नावं भरा, तेरा-तेरा धरली तरी आकडा भरतो. आणि ऑडिटरला बैठकीचं पत्र सहायक निबंधकांच्या सहीने जाऊ द्या. तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर गेलं तर तो येणार नाही. ऑगस्टमध्ये ठेवा. ऑडिट संपलेलं असतं आणि ऑडिटरही दोषदुरुस्ती अहवालाची वाट बघत जरा मोकळा असतो. फक्त बाजारचा वार टाळा.