मदत हवी आहे: गिरगावातल्या ज्येष्ठ इतिहासकारांची पुस्तकं, वह्या आणि ठसे दिवाळीपर्यंत हलवायचे आहेत

गावठाण_शोध

गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या एका ज्येष्ठ स्थानिक इतिहासकारांच्या संग्रहाबद्दल सल्ला हवा आहे. सरांचं वय ८६. साष्टी (मुंबईची उपनगरं आणि ठाण्याचा भाग) आणि वसई भागातली गावठाणं, शिलालेख, गधेगळ (गाढवाच्या शापाचं चित्र कोरलेले जुने दगड), शेतांची जुनी नावं हा त्यांचा विषय. चाळ पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीनंतर खोली रिकामी करायची, आणि भाड्याच्या जागेत जेमतेम एक कपाट मावेल.

आत्ताची स्थिती: छापील पुस्तकं अंदाजे १८००, चार लाकडी कपाटांत आणि माळ्यावर. हस्तलिखित वह्या ४०, त्यातल्या काही फुलस्केप रजिस्टरं. शिलालेखांचे कागदी ठसे १५-२०, घडी घालून ठेवलेले. वर्तमानपत्रांच्या कात्रणांचे तीन गठ्ठे, एका रुमालात (दप्तर बांधायच्या कापडात) तीसेक मोडी कागद, आणि जुने फोटो. पश्चिमेकडच्या भिंतीला ओल आहे. त्या कपाटातल्या पुस्तकांवर हिरवट-काळे ठिपके आहेत, काहींतून पिठासारखी भुकटी पडते.

हाताशी दोन माणसं आणि दर रविवारचे तीन-चार तास. सरांची आणि घरच्यांची संमती आहे. सुरुवात कुठून करावी? आम्ही पुस्तकं खोक्यांत भरायला घेणार होतो.

दप्तरबंद

खोकी आत्ता भरू नका. ऐन पावसाळ्यात कागदाने हवेतली ओल ओढून घेतलेली असते. तसाच तो बंद केला, त्यातही प्लास्टिकच्या डब्यात, तर दोन-तीन आठवड्यांत आतून बुरशी धरेल. भरणं ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर.

आता क्रम. १८०० पुस्तकांपैकी बहुतेकांची दुसरी प्रत मुंबईत, ठाण्यात किंवा पुण्यात कुठे ना कुठे मिळेल. वह्या, ठसे, समासातल्या नोंदी आणि सरांच्या डोक्यात आहे ते मात्र दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून छापील पुस्तकं शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, कारण पुस्तकं डोळ्यांसमोर असतात आणि वह्या माळ्यावर.

पहिल्या रविवारी कशालाही हात न लावता प्रत्येक फळीचे समोरून फोटो घ्या, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. कपाटांना क, ख, ग, घ आणि फळ्यांना वरून खाली १, २, ३. कुठलं पुस्तक कशाशेजारी ठेवलंय यातही अभ्यासकाचा विचार असतो. एकदा पुस्तकं हलली की तो परत मिळत नाही.

पुस्तकात चिठ्ठी, बसचं तिकीट, पोस्टकार्ड सापडलं तर बाहेर काढून वेगळा ढीग करू नका. आहे त्या पानावर फोटो, मग चिठ्ठीच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने पुस्तकाचा क्रमांक आणि पान. पेन नको. चिकट रंगीत चिठ्ठ्याही नकोत, त्यांचा गोंद कागदावर राहतो आणि धूळ धरतो.

यादीत नेहमीच्या रकान्यांशिवाय दोन रकाने हवेतच: "समासात नोंदी आहेत का" आणि "आत काय सापडलं". पुढे कुठलीही संस्था सगळा संग्रह घेऊ शकली नाही, तर या दोन रकान्यांवरूनच काय सोडायचं नाही ते ठरेल.

चहा_आणि_कागद

कपाटात डांबराच्या गोळ्या टाका आणि पुस्तकं दोन दिवस गच्चीत उन्हात ठेवा. घरोघरी हेच करतात.

कोरडी_हवा

दोन्ही टाळा. डांबराच्या गोळ्यांनी कीड फार तर दूर राहते, पुस्तकात शिरलेल्या अळ्या मरत नाहीत. वर त्या वाफा बंद खोलीत ८६ वर्षांच्या माणसाच्या श्वासात जातात. कडक उन्हाने कागद पिवळा पडतो, पुठ्ठे वाकतात, शाई उडते. पुस्तकं सावलीत, पंख्याखाली, पंख्यासारखीच उघडून उभी ठेवावीत.

आधी कीड ओळखा. कागद वरवर खरवडल्यासारखा आणि बांधणीची खळ खाल्लेली असेल तर कसर. आरपार गोल भोकं आणि पिठासारखी भुकटी असेल तर पुस्तककिड्याच्या अळ्या. भिंतीवर किंवा कपाटामागे मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी. वाळवी असेल तर कपाट रिकामं करून भिंतीचा इलाज माहितगाराकडून करून घ्या. औषध पुस्तकांवर फवारू देऊ नका.

भुकटी जुनी की ताजी हे कळायला पुस्तक झटकून काळ्या कागदावर ठेवा. पंधरा दिवसांत नवी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे. त्यावर गोठवणं हा बिनविषारी उपाय आहे. पुस्तक पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर निदान २४ तास पिशवी उघडू नका. घाईने उघडली तर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी थंड कागदावर जमतं, म्हणजे किडीऐवजी बुरशी पदरात. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा या कामाला चालत नाही, तिथलं तापमान खालीवर होत राहतं. मोडी कागद, फोटो आणि ठसे यात घालू नका.

बुरशीचे ठिपके ओले असताना पुसलेत तर ती कागदात मुरते. आधी सावलीत पूर्ण कोरडं करा, मग मऊ सपाट ब्रशने कण्याकडून कडेकडे झाडा. गॅलरीत करा, एन-९५ मास्क लावून, आणि सर शेजारी बसलेले नसताना.

हवेतल्या ओलीचा काटा लावा, काही शे रुपयांत हायग्रोमीटर मिळतो. आकडा बराच काळ ६५ टक्क्यांवर राहिला की बुरशीला वाव मिळतो, आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये तो ८०च्या वरच असतो. ओलीच्या भिंतीचं कपाट आजच चार बोटं पुढे ओढा, मागून वारा खेळला पाहिजे. दिवसा एसी आणि रात्री बंद हा प्रकार करू नका. एसी बंद झाला की दमट हवा आत येते आणि गार पुठ्ठ्यांवर पाणी धरतं. त्यापेक्षा नुसता पंखा बरा.

पुठ्ठा_दोरा

ठशांबद्दल, कारण त्यावर कोणी बोललं नाही आणि माझ्या मते संग्रहातली सगळ्यात नाजूक वस्तू तीच. ओला कागद दगडावर ठोकून त्यावर शाई फिरवून ठसा घेतात. घडीच्या रेषेवर शाई आणि तंतू दोन्ही तुटतात, आणि शिलालेखाची ओळ नेमकी घडीवर आली तर अक्षरंच जातात. शिलाहार राजांच्या काळातले गधेगळ बरेचदा उघड्यावर, शेंदूर किंवा ऑइलपेंट फासलेले असतात. दगडावरचं आज वाचता येत नसेल तर हा ठसा हाच पुरावा.

घडी जोराने उघडू नका. टेबलावर पांढरा टिपकागद, त्यावर ठसा, सहज उघडतो तितकाच उघडायचा, वर दुसरा टिपकागद आणि हलकं वजन. एका दिवसात एक घडी. सपाट झाल्यावर नळीवर बाहेरून गुंडाळा, शाईची बाजू बाहेर, मध्ये आम्लविरहित पातळ कागद. मंगलदास मार्केटमधल्या दुकानांत कापडाच्या ताग्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या मिळतात. त्यातली ८-१० सेंटीमीटर व्यासाची घ्या, बारीक नळीवर शाईला चिरा जातात. तो पुठ्ठा आम्लधर्मी असतो, म्हणून आधी नळीला धुतलेलं मांजरपाट गुंडाळा.

मांजरपाट धुतलेलंच हवं. कोऱ्या कापडात खळ असते आणि कसरीला तीच आवडते. गरम पाण्यातून दोनदा काढून कडक वाळवा. मोडी कागदांचा रुमालही असाच नवा करा. जुना लाल रुमाल रंग सोडतो का ते ओला पांढरा बोळा टेकवून बघा. सोडत असेल तर कागद लगेच त्यातून काढा. मोडी कागदावर पाण्याचा थेंबही नको, काजळाची शाई उन्हाने उडत नाही पण पाण्याने पसरते. कागदांच्या टाचण्या आणि स्टेपलर पिना गंजतात, त्या कागद पालथा करून, पिनेचे पाय आधी उभे करून काढा. ओढून काढलीत तर कागद फाटेल.

कात्रणं वह्यांपासून लांब. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी छाप सोडतं. जुने फोटो वेगळ्या पाकिटात. लॅमिनेशन कशाचंही नको, ते परत काढता येत नाही.

फळी_क्रमांक

वह्यांच्या फोटोंचा हिशोब. साधी वही उघडली की सुमारे ३४ × २१ सेंटीमीटर. १२ मेगापिक्सेलच्या फोनची लांब बाजू ४००० पिक्सेल, म्हणजे दोन्ही पानं एका फोटोत घेतली तरी इंचाला साधारण ३०० ठिपके मिळतात आणि अक्षर नीट वाचता येतं. फुलस्केप रजिस्टर उघडलं तर रुंदी ४२ सेंटीमीटर होते आणि ठिपके २४० वर येतात. म्हणून रजिस्टराचं एकेक पान वेगळं घ्या. संग्रहातल्या जुन्या फोटोंसाठी मात्र स्कॅनर वापरा, इंचाला ६०० ठिपक्यांवर.

फोन स्टँडला लावून खाली तोंड करून ठेवा. दोन बाजूंनी ४५ अंशांत दोन सारखे पांढरे दिवे, वरची ट्यूब बंद, नाहीतर हाताची सावली पडते. वही १८० अंशांत दाबून उघडू नका, दोन्ही पुठ्ठ्यांखाली गुंडाळलेला टॉवेल द्या. पहिल्या फोटोत वहीचा क्रमांक आणि मोजपट्टी हवी. कोरी पानंसुद्धा घ्या, नाहीतर पुढे कोणालाही वाटेल की पान गळलं. हात कोरडे आणि स्वच्छ असले की पुरे. सुती हातमोज्यात पानाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटतात.

२०० पानांच्या वहीचे १०० फोटो, दोघांना २५ मिनिटं. ४० वह्यांना १७ तास, रजिस्टरं धरून सात रविवार. मूळ फोटोंना हात न लावता दोन हार्ड डिस्कवर दोन वेगळ्या घरांत आणि तिसरी प्रत क्लाउडवर. छापील मजकूर नंतर शोधता यावा म्हणून टेसेरॅक्ट हे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरा, ते मराठी ओळखतं. हस्ताक्षरावर मात्र ते चालत नाही.

साष्टीचा_नकाशा

सरांकडे जाण्याबद्दल. फोन करून जा, सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारची झोप झाल्यावर साडेचारला. पाऊण तास बस. "तुमच्या कामाबद्दल सांगा" असं विचारलंत तर छापून आलेलंच परत ऐकायला मिळेल. एकच वही समोर ठेवा आणि एका नोंदीवर बोट ठेवून विचारा: हे कुठल्या पाड्यातलं, कोणी सांगितलं, तो माणूस कोण, तुम्ही त्या वेळी काय बघितलं? संक्षेपांची यादी सगळ्यात आधी करून घ्या. वहीत "ग.गो." लिहिलं असेल तर ते गधेगळ, गावाचं नाव की माणूस, हे फक्त तेच सांगू शकतात.

ज्या कानाने चांगलं ऐकू येतं त्या बाजूला, समोर तोंड करून बसा. कॉलरचा माइक लावा, पंखा मंद करा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, वहीचा क्रमांक आणि सरांची संमती त्यांच्याच आवाजात. वहीचं पान बदललं की पानाचा आकडा मोठ्याने बोला, नाहीतर नंतर फाइल आणि वही जुळत नाही.

आणि कोणीही "वाचून परत देतो" म्हणून एकही पुस्तक नेऊ नये. नेलंच तर दारापाशी वही, तारीख, सही.

हक्कलेख

कायद्याचं थोडक्यात. पुस्तकं दान करायला नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही, जंगम वस्तूचं दान ताबा देऊनही पूर्ण होतं. तरी यादी जोडलेलं सहीचं पत्र करा. वह्यांची मालकी आणि वह्यांतल्या मजकुराचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वह्या संस्थेला दिल्या म्हणून छापण्याचा हक्क गेला असं होत नाही. तो द्यायचा असेल तर लेखी, आणि मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो.

इतरांची पुस्तकं स्कॅन करून नेटवर टाकू नका. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो. वि. का. राजवाडे १९२६ साली गेले, त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं. अलीकडच्या लेखकांचं तसं नाही.

मोडी कागद ७५ वर्षांपेक्षा जुने आणि ऐतिहासिक मोलाचे असतील तर १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो. ते परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाकडे "सुरक्षित" ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या.

गावठाण_शोध

सगळ्यांचे मनापासून आभार. कपाट पुढे ओढलं, मागे मातीच्या रेघा नाहीत. दोन प्रश्न राहिले. पाच-सहा वह्यांच्या फाटक्या पानांना सेलोटेप लावलेली आहे, ती काढावी का? आणि संस्थांकडे कधी जावं?

पुठ्ठा_दोरा

टेप सुकून आपोआप सुटली असेल तर उचला, चिकट असेल तर हात लावू नका. ओढली की शाईसकट वरचा थर येतो. आधी फोटो घ्या, बाकी काम कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाचं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र फोर्टातच आहे, दोन-तीन पानांचे फोटो घेऊन सल्ला विचारा. नवी फाट जोडायची तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी. खळीत मोरचूद घालू नका. बाइंडर किडीसाठी घालतात, पण त्यातलं तांबं कागद जाळतं.

दप्तरबंद

संस्थांकडे यादी तयार झाल्यावर जा, निदान वह्या-ठशांची. यादीशिवाय गेलात तर "सगळं घ्या" एवढंच म्हणता येतं, आणि त्याला हो म्हणणं कोणालाही अवघड जातं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ. विषय साष्टी-वसईचा आहे म्हणून मी ठाण्यापासून सुरुवात करेन. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचारा: संग्रह एकत्र राहील का, दुबार प्रतींचं काय करता, वह्या वाचकाला बघायला मिळतील का. उत्तरं लेखी घ्या.

ऑक्टोबरात खोकी ३५ × २५ × २५ सेंटीमीटरची, जाड पन्हाळी पुठ्ठ्याची. एकात १४ किलोच्या आसपास बसतं, एका माणसाला चाळीचा जिना उतरवता येतं. १८०० पुस्तकांना पन्नासेक लागतील. पुस्तकं आडवी किंवा कणा खाली करून ठेवा. कणा वर ठेवलात तर पानांच्या वजनाने बांधणी फाटते. वह्या आणि ठशांच्या नळ्या टेम्पोत घालू नका, त्या टॅक्सीने तुमच्या मांडीवर जाऊ द्या.

गावठाण_शोध

येत्या रविवारी फळ्यांचे फोटो आणि वही क्रमांक १. सरांना फोन झाला, साडेचारला या म्हणाले. संक्षेपांची यादी ते स्वतःच लिहायला बसले आहेत.