अमेलिया: १९३२ चं उड्डाण हवं होतं

मीरा नायर यांच्या 'अमेलिया' या चित्रपटात (२००९) विमानापेक्षा प्रेमप्रकरणच जास्त दिसतं, ही तक्रार मला पटते. अमेलियाच्या भूमिकेत हिलरी स्वँक मात्र अगदी शोभली आहे.

१९२८ मध्ये अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट विमानाने अटलांटिक पार करणारी पहिली स्त्री म्हणून गाजली खरी, पण त्या विमानात ती केवळ प्रवासी होती. चालवणारे स्टुल्ट्झ आणि गॉर्डन. हे तिला आतून लागलं होतं. म्हणून २० मे १९३२ ला ती न्यूफाउंडलंडहून लॉकहीड व्हेगा विमान घेऊन एकटी निघाली. वाटेत उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं, एक्झॉस्टच्या जोडाला तडा जाऊन ज्वाळा दिसू लागल्या, पंखांवर बर्फ चढला. सुमारे १५ तासांनी ती उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली. जायचं होतं पॅरिसला! एवढ्या एका रात्रीवर अख्खा चित्रपट उभा राहिला असता, असं मला मनापासून वाटतं.

चित्रपटाचा शेवटचा, तिच्या बेपत्ता होण्याचा भाग मात्र अंगावर येतो. २ जुलै १९३७, न्यू गिनीतल्या लेहून चार हजार किलोमीटरवरचं हाउलंड बेट गाठायचं, आणि ते जेमतेम दोन-अडीच किलोमीटर लांब. बेटाजवळ थांबलेल्या इटास्का जहाजावर रेडिओवरून तिचा आवाज स्पष्ट येतोय, पण जहाजावरून बोललेलं तिच्यापर्यंत पोचत नाही. विमानात सोबत मार्ग ठरवणारा नॅव्हिगेटर फ्रेड नूनन.

त्याच जगप्रदक्षिणेत, जूनमध्ये, ती कराची आणि कलकत्त्यालाही उतरली होती. त्या मुक्कामांबद्दल मला अजून कितीतरी बघायला आवडलं असतं.