कारगिलचं युद्ध एकट्या मुशर्रफ यांचं होतं का?

सह्यवारा
२० फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले, दुसऱ्या दिवशी लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. त्याच हिवाळ्यात पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे जवान ताबारेषा ओलांडून द्रास-बटालिकची शिखरं धरत होते. बेत चौघांचा: लष्करप्रमुख मुशर्रफ आणि त्यांचे तीन जनरल, अझीझ खान, महमूद अहमद, जावेद हसन. त्यांच्याच हवाईदलाला पत्ता नव्हता. माझं मत ठाम आहे, हे युद्ध मुशर्रफ यांनी लावलं. २०१९ ला त्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली ती २००७ च्या आणीबाणीसाठी. कारगिलचा खटला कधी उभाच राहिला नाही.

पिंपळपार
एका माणसावर खापर फोडून मोकळं होता येत नाही. १९८४ ला आपण सियाचेन घेतलं, तेव्हापासून ते शल्य त्यांच्या लष्कराच्या मनात होतं. श्रीनगर-लेह रस्ता तोफांच्या टप्प्यात आणला की सियाचेनची रसद तुटते, हा विचार मुशर्रफ येण्याआधीचा. ते नसते तर दुसऱ्या कुणी हेच केलं असतं. शिवाय पंतप्रधान शरीफ यांना आधीच कल्पना दिली होती, असं मुशर्रफ आत्मचरित्रात लिहितात.

सह्यवारा
दुसरं कुणी होतंच की! जहांगीर करामत लष्करप्रमुख असताना विचार विचारच राहिला. ऑक्टोबर १९९८ मध्ये मुशर्रफ आले आणि काही महिन्यांत जवान चढले. हा फरक माणसाचाच ना? २६ मेचा फोन आठवा. मुशर्रफ बीजिंगमध्ये, अझीझ खान रावळपिंडीत. आपल्या गुप्तचरांनी तो टिपला, सरकारने ११ जूनला जाहीर केला. शिखरांवर बसलेल्यांची मानगूट आपल्याच हातात आहे, असं त्यात बोललं गेलं. जगाला मात्र सांगत होते, ते मुजाहिदीन आहेत.

तोफची
मी तेव्हा द्रासला तोफखान्यात होतो. वाद तुम्ही घाला, मला एकच गोष्ट अजून सलते. ते आमचे नाहीतच म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या जवानांची प्रेतंसुद्धा घ्यायचं नाकारलं. कितीतरी आपल्याच लोकांनी, त्यांच्या धर्माप्रमाणे, तिथेच दफन केली. टायगर हिलवर पडलेला कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे त्याचं नावच) शौर्याने लढला, अशी चिठ्ठी आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या खिशात ठेवली. मग त्याला निशान-ए-हैदर, पाकिस्तानचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. शत्रूने चिठ्ठी लिहावी लागली! पोरांना वर पाठवणाऱ्या सेनापतीने हे करायला हवं होतं. याला व्यवस्था कशी जबाबदार? हे त्या माणसाचंच.

पिंपळपार
तोफचीकाका, तुमच्यापुढे मी काय बोलणार. प्रेतांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण युद्ध सुरू होण्याचा दोष मी अजूनही वाटूनच देईन. मे २०२४ मध्ये शरीफ स्वतः म्हणाले की लाहोर करार आम्ही मोडला, चूक आमची होती. 'आमची' म्हणाले.

सह्यवारा
पंचवीस वर्षांनी म्हणाले. तोवर मुशर्रफ जाऊन वर्ष उलटलं होतं.

पिंपळपार
म्हणूनच विचारतो. १७ मेला लष्कराने शरीफ यांच्यापुढे नकाशे मांडले. तेव्हा तोलोलिंगचं शिखर आपल्याला परत घ्यायचं बाकी होतं, टायगर हिलही. त्या बैठकीत त्यांनी 'माघारी बोलवा' म्हटलं असतं तर? त्यांनी तसं म्हटलं नाही. ती गप्प संमती कुणाच्या खात्यावर टाकायची?