मदत हवी आहे: पॅकेटचा मारा झाला की इथरनेट बोर्ड मुका होतो (एसटीएम३२एफ४०७ मायक्रोकंट्रोलर)

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे. शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारे बोर्ड बनवतो. त्यातले सहा पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये प्री-कूलिंगच्या खोल्यांवर बसवलेत. दोन महिने तक्रार नव्हती. मग तिथे सीसीटीव्ही आले, त्याच साध्या स्विचवर जोडले गेले, आणि तेव्हापासून दोन-तीन दिवसांआड एखादा बोर्ड नेटवर्कवरून गायब होतो. पिंगला उत्तर नाही, मॉडबस (मोजमापं वाचायचा प्रोटोकॉल) नाही. लिंकचा दिवा मात्र चालू, डिस्प्लेवर तापमानही बरोबर. बाकीचे टास्क चालू असल्यामुळे वॉचडॉगलाही (प्रोग्राम अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर) काही कळत नाही. पॉवर काढून दिली की परत सुरू.

रात्री कॉम्प्रेसर बंद पडला तर अलार्म याच बोर्डावरून जातो. आत कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा माल असतो, म्हणून झोप लागत नाही.

१६८ मेगाहर्ट्झ, फ्रीआरटीओएस (ऑपरेटिंग सिस्टम), एलडब्ल्यूआयपी (नेटवर्क स्टॅक). इंटरप्ट आला की बायनरी सेमाफोर (टास्कला जागं करणारा सिग्नल) देतो, रिसीव्ह टास्क एक फ्रेम उचलून स्टॅककडे पाठवतो. पूलमधून पीबफ (फ्रेम ठेवायचा एलडब्ल्यूआयपीचा बफर) मिळाला नाही तर फंक्शन तिथूनच परत फिरतं. मल्टिकास्ट (एका गटाला उद्देशून पाठवलेली पॅकेट) सगळं आत येऊ देतो.

टेबलावर उबुंटूच्या लॅपटॉपवरून लहान यूडीपी ब्रॉडकास्टचा मारा केला, तर काही मिनिटांत तोच प्रकार. रिसीव्ह बफर अनअव्हेलेबल बिट लागलेला, हुकलेल्या फ्रेमचा काउंटर वर. एक विचित्र गोष्ट: कधी बोर्ड पूर्ण मरत नाही, पण मारा थांबल्यावरही पिंगचं उत्तर दोन-दोन सेकंद उशिरा येतं आणि तसंच येत राहतं. डिस्क्रिप्टर (आलेली फ्रेम कुठे ठेवायची ते सांगणाऱ्या, रिंगमध्ये मांडलेल्या नोंदी) ४ चे १६ केले. दम जरा वाढला, इतकंच. आणखी वाढवायला रॅम नाही; १९२ पैकी ६४ केबी सीसीएममध्ये (फक्त सीपीयूची मेमरी) आहे आणि तिथे डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) पोचत नाही.

१०० एमबीपीएसवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १,४८,८०९ येऊ शकतात, म्हणजे एका फ्रेममागे जेमतेम ११३० क्लॉक सायकल. हा चिपच तोकडा पडतोय का? बदलायची तयारी आहे, पण हंगाम तोंडावर आलाय.

प्रतिसाद १

चिप बदलू नका. तुमचं उत्तर त्या दोन सेकंदांत आहे. तीन फ्रेम लागोपाठ आल्या तरी बायनरी सेमाफोरमध्ये सिग्नल एकच उरतो. टास्क एक उचलतो, दोन रिंगमध्ये पडून राहतात. पुढची पिंग आली की मागची शिळी फ्रेम बाहेर पडते, आणि ही थकबाकी कधीच फिटत नाही.

मुका होण्याचं कारण मात्र ते 'परत फिरणं'. पूल रिकामा असताना डिस्क्रिप्टर डीएमएला परत न देता तुम्ही निघून जाता. रिंग भरलेली, डीएमए थांबलेला, म्हणून इंटरप्ट नाही. इंटरप्ट नाही म्हणून टास्क जागा होत नाही. पीबफ मिळो न मिळो, डिस्क्रिप्टर परत द्यायचाच, फ्रेम गेली तरी चालेल. टीसीपीआयपी थ्रेडची (एलडब्ल्यूआयपीचा मुख्य टास्क) प्रायॉरिटीही बघा. ती रिसीव्ह टास्कपेक्षा खाली असेल तर पूल रिकामा होणारच.

धागाकर्ता

खाली आहे! पण रिंग रिकामी होईपर्यंत उचलत बसलो तर माऱ्यात टास्क कधी बाहेरच येणार नाही ना?

प्रतिसाद १

म्हणूनच पहिला इंटरप्ट आला की रिसीव्ह इंटरप्ट बंद करा आणि दर मिलिसेकंदाला एक फेरी, फेरीत जास्तीत जास्त १६ फ्रेम. रिंग रिकामी मिळाली की इंटरप्ट पुन्हा चालू, आणि लगेच रिंग एकदा परत तपासा. लिनक्समध्ये एनएपीआय (नेटवर्क ड्रायव्हरची पद्धत) साधारण असंच करतं. असं केलं की सेकंदाला १६,००० पेक्षा जास्त फ्रेम आत येणारच नाहीत. बाकीच्या हार्डवेअरच टाकून देईल, सीपीयूला झळ नाही. मल्टिकास्ट चिपमधल्या मॅक फिल्टरमध्येच अडवा. ब्रॉडकास्ट मात्र बंद करू नका, एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता शोधणं) मरेल.

धागाकर्ता

चारही बदल केले. काल संध्याकाळपासून मारा चालू आहे, काउंटर धावतोय, पण बोर्ड जिवंत आहे आणि मारा थांबवला की पिंग एक मिलिसेकंदाच्या आसपास. मनापासून आभार. भर माऱ्यात मॉडबसचं कनेक्शन अजून अधूनमधून तुटतं. एआरपी आणि आमचा पोर्ट सोडून बाकी यूडीपी स्टॅककडे न पाठवता रिसीव्ह टास्कमध्येच टाकून द्यावं का? कुणी केलं असेल तर सांगा. शनिवारी पिंपळगावला जाऊन सहाही बोर्ड नव्याने फ्लॅश करणार आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.