इंडोनेशियात चर्च बांधणे इतके अवघड का?

पंचवटीकर: आमच्या कॉलेज रोडवरील अभ्यासमंडळात इंडोनेशियाच्या १९४५ च्या राज्यघटनेवर चर्चा झाली. तिचे २९ वे कलम उपासनेचे स्वातंत्र्य देत असताना तेथे चर्चना अडथळे का येतात?

द्वारकेहून: अडचण घटनेत नसून २००६ च्या मंत्रिस्तरीय नियमात आहे. नव्या प्रार्थनास्थळासाठी ९० उपासकांची ओळखपत्रांसह नावे आणि ६० स्थानिक रहिवाशांचा पाठिंबा लागतो. नियम कागदावर सर्व धर्मांना सारखाच आहे, परंतु ख्रिस्ती वस्ती विरळ असेल तेथे तो शेजाऱ्यांच्या हाती दिलेला नकाराधिकारच ठरतो. जकार्ताजवळच्या बोगोर शहरातील यास्मिन चर्चच्या बाजूने २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागूनही इमारत सीलबंदच राहिली, आणि मंडळींना जकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर, भर रस्त्यावर उपासना करावी लागली. नवी वास्तू मिळाली ती २०२३ मध्ये, तीही दुसऱ्याच जागी!

शरणपूर रोड: यात अहमदियांचाही, म्हणजे स्वतःला मुस्लिम मानणाऱ्या एका अल्पसंख्य पंथाचाही, विचार व्हावा. २००८ च्या सरकारी आदेशाने त्यांच्या धर्मप्रसारावर बंदी आली, म्हणजे झळ केवळ बिगरमुस्लिमांनाच बसते असे नाही. सहा मान्य धर्मांबाहेरील पारंपरिक श्रद्धा ओळखपत्रावर नोंदवण्याची मुभा मात्र घटना न्यायालयाने २०१७ मध्ये दिली.

पंचवटीकर: आभारी आहे. निकालाच्या अंमलबजावणीचा मुद्दा मंडळात आवर्जून मांडतो.