मदत हवी आहे: लेकीचं कॉलेज बास्केटबॉल, रेव्हेन्यू शेअर, ट्रान्स्फर पोर्टल आणि आमचा एच-४

रारिटनकाठची

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मुलांच्या कॉलेज स्पोर्ट्स रिक्रूटिंगमधून गेलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. आमच्या ओळखीतली मुलं रोबोटिक्स आणि स्पेलिंग बीवाली, त्यामुळे विचारायला माणूस नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी बारावीत आहे, एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा). उंची पाच फूट अकरा, विंगवर, म्हणजे कडेच्या जागेवर, खेळते. शाळेच्या टीममध्ये आहे आणि दर उन्हाळ्यात एएयूच्या (शाळेबाहेरच्या क्लबच्या) स्पर्धांसाठी आम्ही तिला घेऊन राज्याराज्यांत फिरतो. आमच्या घराण्याचा खेळाशी संबंध म्हणजे सासऱ्यांची सांगलीतली कबड्डी, तीही त्यांच्याच तोंडून ऐकलेली. १२ नोव्हेंबरपासून कॉलेजांच्या करारांवर सह्या सुरू होतात, त्याआधी ठरवायचं आहे.

तीन पर्याय आहेत, नावं लिहीत नाही. पहिलं कॉलेज पॉवर कॉन्फरन्समधलं, म्हणजे सगळ्यात मोठ्या कॉलेजांच्या गटातलं: पूर्ण स्कॉलरशिप, वर रेव्हेन्यू शेअरमधून (कॉलेज आपल्या कमाईतून खेळाडूंना देतं तो वाटा) पाच आकडी रक्कम, पण पैशांचा करार एकाच वर्षाचा. दुसरं मिड-मेजर, म्हणजे त्याखालच्या मधल्या गटातलं: चार वर्षांची पूर्ण स्कॉलरशिप, रोख काही नाही, पण कोच म्हणतात पहिल्या वर्षापासून खेळवू. तिसरं आयव्ही लीगमधलं (प्रिन्स्टनसारख्या जुन्या नामांकित कॉलेजांचा गट), तिथल्या कोचनी अर्ज करायला सांगितलंय.

पहिल्या कॉलेजच्या असिस्टंट कोचचा फोन आम्ही स्पीकरवर घेतला होता. त्यांनी आकडा सांगितला तेव्हा लेक जमिनीवर बसून घोट्याला बर्फ लावत होती. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. नवऱ्याने विचारलं, "हे एच-४ वर चालतं का?" पलीकडे एकदम शांतता. मग, "कम्प्लायन्सला विचारून कळवतो," म्हणजे कॉलेजच्या नियम बघणाऱ्या ऑफिसला. अजून कळवतायत.

माझा गोंधळ असा की हे पैसे खरे किती आणि टिकतात किती? ट्रान्स्फर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) दर वर्षी निम्मी टीम बदलते म्हणतात, मग बारावीतून आलेल्या मुलीला जागा उरते का? आधी लहान कॉलेजात खेळून मग वर जाणं शहाणपणाचं, की हाती आलेलं सोडू नये? सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, "ती शिकायला चाललीय का नोकरीला?" मला उत्तर देता येत नाही.

पार्सिपनीकर

अभिनंदन! आपल्या लोकांत हे फार दुर्मिळ आहे, आधी पेढे वाटा. माझं मत सरळ आहे. मोठं कॉलेज घ्या, पैसे घ्या. एप्रिल २०२४ पासून ट्रान्स्फरवर मर्यादाच नाही, अभ्यासात पास असलं की दुसऱ्या वर्षी दुसरीकडे लगेच खेळता येतं. पूर्वीसारखं एक वर्ष बाकावर बसावं लागत नाही. नाही जमलं तर पोर्टल आहेच की.

हूपआई

पार्सिपनीकर, पोर्टल "आहेच की" असं मुलांच्या आईबापांना वाटतं, कोचलाही तेच वाटतं. खरी गोम तिथे आहे. माझी मुलगी एका मिड-मेजरमध्ये तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैसे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीतून कमावता येतं, त्याला एनआयएल म्हणतात. कॉलेजने स्वतःच्या तिजोरीतून देणं हे वेगळं, ते खेळाडूंनी भरलेल्या हाउस नावाच्या खटल्याच्या तडजोडीमुळे १ जुलै २०२५ पासून सुरू झालं. २०२५-२६ या वर्षासाठी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येतील असं ठरलं. ते कसे वाटायचे हे कॉलेज ठरवतं. याच तडजोडीत जुन्या खेळाडूंच्या भरपाईची जी वाटणी झाली, तिच्यात साधारण ७५ टक्के अमेरिकन फुटबॉल, १५ टक्के पुरुषांचं बास्केटबॉल, ५ टक्के महिलांचं आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्यांना. बऱ्याच मोठ्या कॉलेजांनी पुढच्या पैशांसाठीही हाच साचा उचलला. म्हणजे महिलांच्या टीमला दहा लाखांच्या आसपास. पंधरा जणींत सरासरी अडुसष्ट हजार येतात, पण सरासरी इथे फसवी आहे. टीमची मुख्य स्कोरर आणि सेंटर मोठा वाटा नेतात, बाराव्या-तेराव्या क्रमांकाच्या मुलीला उरलंसुरलं. हे मुलींवर अन्याय करणारं आहे की नाही यावर २०२५ मध्ये अपील झालं. माझं मत विचारलंत तर आहेच. पण तुमचा निर्णय नोव्हेंबरात आहे, कोर्टाचा कधी येईल त्यावर बसून राहता येणार नाही.

आता जागा. रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, पंधरा जणी, त्याहून जास्त नाहीत. कोचच्या हातात पैसे आले की ती बावीस वर्षांची, शंभर मॅच खेळलेली मुलगी विकत घेते, अठरा वर्षांची घडवत बसत नाही. विकत हा शब्द कडू आहे, पण जिममध्ये आम्ही पालक तोच वापरतो. शिवाय वरच्या मुली लवकर जातही नाहीत. ऑलिव्हिया माइल्स २०२५ च्या डब्ल्यूएनबीए ड्राफ्टमध्ये (महिलांच्या व्यावसायिक लीगची खेळाडू-निवड) अगदी वर गेली असती, पण ती नोत्र दाम कॉलेज सोडून टीसीयू कॉलेजात आली आणि तिने आणखी एक वर्ष कॉलेजच खेळायचं ठरवलं. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आलेल्या पेज बेकर्सचा पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर. बड्या कॉलेजच्या स्टारला करार आणि जाहिराती मिळून त्याहून कितीतरी जास्त मिळतात. मग घाई कशाला करतील? त्या थांबल्या की त्यांच्या खालच्या सगळ्यांची वाट अडते.

आणि लहान टीमचं काय होतं ते ओरेगन स्टेटचं बघा. २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत एलिट एटपर्यंत, म्हणजे शेवटच्या आठांत, गेली होती. त्याच सुमारास पॅक-१२ कॉन्फरन्स फुटली, आणि काही आठवड्यांत रेगन बिअर्स ओक्लाहोमाला, टालिया फॉन ओलहॉफन यूएससीला, टिमिया गार्डिनर यूसीएलएला, डोनोव्हिन हंटर टीसीयूला. कोच तोच, जिम तेच, मुली दुसऱ्याच. फक्त पैशांसाठी झालं असं म्हणणार नाही, कॉन्फरन्सच उरली नव्हती. पण मोठ्या टीमना त्या सगळ्या एकदम घेता आल्या त्या पोर्टलमुळे.

तेव्हा कोचला हे विचारा: गेल्या दोन एप्रिलमध्ये किती जणी गेल्या, किती जणी पोर्टलमधून आल्या, आणि बारावीतून आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकल्या? उत्तराची वाट बघायचीही गरज नाही. टीमच्या साइटवर जुने रोस्टर असतात, एका संध्याकाळचं काम आहे. तुमच्या लेकीच्या जागी खेळणाऱ्या मुली कितव्या वर्षाला आहेत तेही तिथेच दिसेल.

सदाशिव३०

पुण्यातून एक बाळबोध प्रश्न. मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलला इतके पैसे येतात कुठून? आमच्याकडे राज्य स्पर्धेच्या फायनलला खेळाडूंचे आईवडील आणि चहावाला एवढेच असतात.

हूपआई

टीव्हीतून. २०२४ ची साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा ही महिलांची फायनल सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, त्याच वर्षीची पुरुषांची १ कोटी ४८ लाखांनी. आयोवाच्या स्टार केटलिन क्लार्कची कृपा. आणि २०२५ पासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या मॅचमागे कॉन्फरन्सला पैसे मिळू लागले. पुरुषांना ते कित्येक दशकं मिळत होते, मुलींना तोवर टाळ्या. तरी बहुतेक टीम तोट्यातच चालतात, त्यामुळे पैसा वरच्या पंचवीस-तीस टीममध्येच फिरतो.

एच१ते४८५

ताई, तुमच्या नवऱ्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी वकील नाही, पण याच रांगेत उभा आहे.

एच-४ वर मुलांना काम करता येत नाही. एच-४ चं ईएडी (कामाचा परवाना) फक्त काही जोडीदारांना मिळतं, मुलांना नाही. खेळणं चालतं, स्कॉलरशिप चालते. पण कॉलेजबरोबर रेव्हेन्यू शेअरचा करार करून पैसे घेणं, इन्स्टाग्रामवर पैसे घेऊन पोस्ट टाकणं, दुकानात जाऊन सह्या करणं हे विनापरवाना काम धरलं जाऊ शकतं, आणि त्याचे शिंतोडे ग्रीनकार्डवर उडतात. २१ पूर्ण झाल्यावर ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेली तरी सुटका नाही. पर्ड्यूचा कॅनेडियन झॅक ईडी देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी एफ-१ मुळे टीममधल्या इतरांसारखे करार त्याला अमेरिकेत करता आले नाहीत. केंटकीच्या ऑस्कर शिबवेने २०२२ मध्ये टीमचा बहामाजला दौरा होता तेव्हा तिथे जाऊन करार उरकले. देशाबाहेर केलेलं काम वेगळं धरतात. म्हणजे लेकीने उन्हाळ्यात सांगलीत भडंगाची जाहिरात केली तर बहुधा चालेल!

पी-१ए हा खेळाडूंचा व्हिसा काहींनी मागून पाहिला. एलएसयूची ऑस्ट्रेलियन खेळाडू लास्ट-टिअर पोआ तो नाकारल्यावर कोर्टात गेली. बारावीतल्या मुलीला तो मिळेल यावर मी एक डॉलरही लावणार नाही.

एकच चांगली शक्यता आहे. तुमचं आय-४८५, म्हणजे ग्रीनकार्डचा शेवटचा अर्ज, दाखल झालं असेल आणि त्यावर मुलीच्या हातात स्वतःचं ईएडी असेल, तर चित्र बदलतं. नसेल तर पहिल्या कॉलेजचा तो पाच आकडी आकडा तुमच्यापुरता शून्य धरा आणि मग तिन्ही पर्याय परत मांडा. आणि इमिग्रेशनचा स्वतंत्र वकील गाठा. कॉलेजचं कम्प्लायन्स ऑफिस कॉलेजसाठी काम करतं, तुमच्यासाठी नाही.

रारिटनकाठची

आय-४८५ दाखल नाही, प्रायॉरिटी डेट (ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख) २०१५ ची. म्हणजे शून्य. हे वाचून नवरा चक्क खूश झाला, म्हणतो, "एक कॉलम कमी झाला." पण मग मोठ्या कॉलेजात जायला काय उरतं? टीव्ही, सोयी, नाव. लेकीला तिथेच जायचंय हेही लिहून ठेवते. आणि पैसे घेत नाही म्हटल्यावर आपण त्यांना स्वस्तात पडतो, हा फायदा आहे की तोटा?

फॉर्म१०९९

तोटा असू शकतो. ज्या मुलीत कोचने पैसे घातलेत तिला खेळवायचा दबाव कोचवर असतो. फुकट आलेल्या मुलीला बाकावर बसवून कुणाचं बजेट बिघडत नाही.

मी अकाउंटंट, दोन मुलांचे असे करार वाचलेत. तुमच्या केसमध्ये स्कॉलरशिपचा कागद आणि रेव्हेन्यू शेअरचा कागद वेगळे आहेत, तसेच राहू द्या, दुसऱ्यावर सही नको. जुनं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (कॉलेजला होकार देणारं सहीचं पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करार हाच मुख्य कागद. त्यात वर्षं किती लिहिलीत ते बघा. डिव्हिजन १ मध्ये (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची श्रेणी) खेळ पडला किंवा दुखापत झाली म्हणून स्कॉलरशिप काढून घेता येत नाही, पण मुलीने स्वतः पोर्टलमध्ये नाव टाकलं की सत्र संपल्यावर कॉलेज ती थांबवू शकतं. नाव टाकलं आणि दुसरीकडून फोनच आला नाही, अशा मुली दर वर्षी बऱ्याच असतात. त्यांच्या बातम्या होत नाहीत.

पुढेमागे ईएडी आलंच तर: रेव्हेन्यू शेअरच्या करारात "खेळाडू मुदतीआधी गेली तर रक्कम परत" असं कलम असतं का ते शोधा. टॅक्स कापून येत नाही, दर तिमाहीला स्वतः भरायचा. बाहेरच्या कंपनीचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार एनआयएल गो नावाच्या साइटवर नोंदवावा लागतो. आणि वीस टक्के मागणारा एजंट दारात उभा करू नका. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये एजंटला जास्तीत जास्त तीन टक्के मिळतात.

ट्रेंटनमेल

आयव्हीबद्दल कुणीच बोललं नाही. आयव्ही लीगने हाउस तडजोडीतून अंग काढून घेतलं. तिथे रेव्हेन्यू शेअर नाही आणि खेळाची स्कॉलरशिपही नाही, मदत फक्त घरच्या उत्पन्नावर. प्रिन्स्टनने २०२५ मध्ये जाहीर केलंय की अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक घरांना ट्यूशन पडणार नाही, आणि व्हिसावरच्या मुलांनाही मदतीचे निकष तेच. खेळही हलका समजू नका, २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत आयव्हीच्या तीन टीम होत्या.

केटलिन चेनचा रस्ता बघा. प्रिन्स्टनमधून डिग्री घेतली, आयव्हीत पदवीनंतर खेळू देत नाहीत म्हणून उरलेलं एक वर्ष यूकॉन या कॉलेजला गेली, एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद, त्याच महिन्यात ड्राफ्ट. अर्थात दुखापत किंवा अशा कारणाने वर्ष शिल्लक असेल तरच हे जमतं.

मिड-मेजरवाल्यांसाठी टानिया लॅट्सन हे उदाहरण देतात, पण ते जरा सांभाळून. ती फ्लोरिडा स्टेटसारख्या पॉवर कॉन्फरन्समधून, देशात सर्वाधिक सरासरी गुण काढून साउथ कॅरोलायनाला गेली, आणि तिथे तिची शाळेतली जोडीदार रेव्हन जॉन्सन होती. सगळंच पैशांनी ठरत नाही.

रारिटनकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला घेऊन रोस्टर काढून बसलो. मोठ्या कॉलेजच्या आत्ताच्या टीममध्ये बारावीतून थेट आलेल्या चारच जणी, विंगवर त्यातली एकही नाही. मिड-मेजरमध्ये तिच्या जागेवरच्या दोघी शेवटच्या वर्षाला आहेत. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आयव्हीची आर्थिक मदतीची शीट भरा, तोवर मी मिड-मेजरच्या कोचशी बोलते. मोठ्यांना नाही म्हणू नका अजून."

पुढचा प्रश्न त्यातूनच. आयव्हीकडून उत्तर येईपर्यंत मिड-मेजरची ऑफर धरून ठेवता येते का? कोच किती दिवस थांबतात, आणि थांबा असं म्हणायचं कसं, की जागा दुसरीला जाणार नाही? यातून गेलेल्यांनी लिहा, १२ तारखेच्या आत.

हूपआई

कोचला आजच फोन करा, आणि लेकीलाच करू द्या, तुम्ही नाही. आयव्हीचं नाव घेऊन स्पष्ट सांगायचं आणि उत्तराची तारीख त्यांच्याकडूनच मागायची. त्याच वेळी आयव्हीच्या कोचकडे ॲडमिशन ऑफिसचं प्री-रीड (मार्क बघून प्रवेशाबद्दल आधीच दिलेला अंदाज) आणि मदतीचा अंदाज मागा, दोन्ही ते करून देतात. प्री-रीड झाल्याशिवाय आयव्हीच्या "आम्हाला तू हवीयस"ला काही अर्थ नसतो. ट्रान्सक्रिप्ट आज रात्रीच पाठवा.