शब्दचर्चा : ‘तथ्यांबाबत मतभेद’ म्हणावं का? (संदर्भ : २०१९ची महाभियोग चौकशी)

प्रश्न : अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ट्रम्प यांच्यावरच्या २०१९च्या महाभियोग चौकशीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. एका वाक्याशी अडले आहे. दोन पक्षांचं तथ्यांवरच एकमत नव्हतं, असं लेखक म्हणतो. ‘तथ्यांबाबत मतभेद’ लिहिलं की कानाला खटकतं. तथ्य असेल तर मतभेद कसला? वस्तुस्थिती, सत्य, पुरावा यांपैकी काय घ्यावं? आणि ‘पार्टिझन’ला ‘पक्षपाती’ चालेल का?

उत्तर : खटकतं ते योग्यच आहे. ‘त्याच्या बोलण्यात तथ्य आहे’, ‘या अफवेत काही तथ्य नाही’ असं आपण म्हणतो. तथ्य कुणाच्या तरी म्हणण्यात असतं किंवा नसतं. ‘तथ्ये’ हे अनेकवचन बातम्यांतून रुळलं, पण बोलण्यात अजून उतरलेलं नाही. जे घडलं त्याला वस्तुस्थिती हा शब्द आहे आणि त्याचं अनेकवचन कुणी करत नाही.

मात्र नुसता शब्द बदलून भागणार नाही, कारण मूळ वाक्यच ढोबळ आहे. २५ जुलै २०१९ला ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की फोनवर बोलले, हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. त्या संभाषणात ट्रम्प यांचे निवडणुकीतले संभाव्य प्रतिस्पर्धी, डेमोक्रॅट पक्षाचे जो बायडन यांचं नाव निघालं, हेही मान्य. टिपण व्हाइट हाउसनेच प्रसिद्ध केलं होतं. युक्रेनची सुमारे ३९ कोटी १० लाख डॉलरची लष्करी मदत अडवली होती आणि ११ सप्टेंबरला ती मोकळी झाली, यावरही वाद नव्हता. वाद होता मदत का अडवली यावर (युक्रेनकडून बायडन यांच्या चौकशीची घोषणा करवून घ्यायला की दुसऱ्या कारणाने), म्हणजे हेतूवर. आणि हेतू सिद्ध झालाच, तर तो अध्यक्षाला पदावरून काढण्याइतका गंभीर आहे का, यावर. घटना, हेतू आणि गांभीर्य हे तिन्ही ‘तथ्य’ या एका शब्दात कोंबले, तर फोन झाला की नाही यावरच भांडण होतं, असं तुमच्या वाचकाला वाटेल. लेखातल्या प्रत्येक जागी यातलं नेमकं कोणतं आहे ते पाहा आणि तेच लिहा.

दुसरं मत : सगळंच अन्वयार्थावर ढकलू नका. २०१६च्या अमेरिकी निवडणुकीत रशियाने नव्हे तर युक्रेनने ढवळाढवळ केली, असं ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे काही सदस्य सुचवत होते. २१ नोव्हेंबर २०१९ला व्हाइट हाउसमधल्या माजी रशियातज्ज्ञ फिओना हिल यांनी चौकशी करणाऱ्या समितीपुढे स्पष्ट सांगितलं की हे रचलेलं कथानक आहे आणि ते रशियाच्याच गुप्तचर यंत्रणांनी पसरवलं. अमेरिकी गुप्तचर संस्थांचा रशियाबद्दलचा निष्कर्ष जानेवारी २०१७मध्येच जाहीर झालेला होता. इथे ‘मतभेद’ हा शब्द खोट्याला आणि खऱ्याला एका पंगतीत बसवतो. ‘वस्तुस्थिती नाकारली’ असंच लिहायला हवं.

उत्तर : पूर्ण सहमत. म्हणूनच जागा पाहून शब्द निवडा म्हणतो. पण त्या चौकशीतला सर्वांत शिकण्यासारखा दिवस मला २० नोव्हेंबरचा वाटतो. त्या दिवशी युरोपीय संघातले अमेरिकी राजदूत गॉर्डन सोंडलंड यांची साक्ष झाली. झेलेन्स्की यांना व्हाइट हाउसमध्ये भेट, आणि त्या बदल्यात त्यांनी २०१६ची निवडणूक आणि बुरिस्मा (बायडन यांचा मुलगा जिच्या संचालक मंडळावर होता ती युक्रेनी वायू कंपनी) यांच्या चौकशांची घोषणा करायची, अशी देवघेव (‘क्विड प्रो क्वो’) होती का, याला त्यांनी ‘होय’ म्हटलं. डेमोक्रॅट पक्षाने हे ‘होय’ उचललं. त्याच साक्षीत, मला काहीही नको, क्विड प्रो क्वो नको, असं अध्यक्ष आपल्याला फोनवर म्हणाले, असंही त्यांनी सांगितलं. रिपब्लिकन पक्षाने तेवढंच उचललं. लष्करी मदतीबद्दल विचारलं तेव्हा, ती घोषणेशी बांधलेली आहे असं कुणी सांगितलं नव्हतं, तो आपला समज होता, असं उत्तर आलं.

साक्षीदार एक, शपथ एक, आणि दोन पक्षांनी त्यातून दोन वस्तुस्थिती सांगितल्या. भाषांतरात इथे ‘समज’, ‘अंदाज’ आणि ‘अनुमान’ यांची सरमिसळ करू नका. धूर पाहून अग्नी आहे असं ठरवणं हे अनुमान, त्याला आधार असतो. अंदाजाला तेवढा आधार लागत नाही. ‘समज’ लिहिलं की मागून ‘गैरसमज’ डोकावतो. सोंडलंड यांचा निष्कर्ष कशावर उभा होता? चाललेल्या चौकशांच्या मागण्या, अडकलेली मदत, आणि मदत अडवण्याचं न मिळणारं कारण. मी ‘अनुमान’ लिहीन. रिपब्लिकन सदस्याचं वाक्य असेल तर तिथे ‘अंदाज’ ठेवीन, कारण तो तेच म्हणत होता.

प्रतिप्रश्न : आणि फोनवरचं ते ‘फेव्हर’चं वाक्य? ‘उपकार’, ‘मेहेरबानी’ की ‘काम’?

उत्तर : ‘आमच्यावर एक उपकार करा’ म्हटलं की अध्यक्ष याचक वाटतात. ‘आमचं एक काम करा’ यात अधिकार येतो. मला ‘पण आमच्यासाठी एवढं एक करा’ हे जवळचं वाटतं. यातला ‘पण’ गाळू नका. झेलेन्स्की क्षेपणास्त्रं घेण्याबद्दल बोलल्यावर लगेच हे वाक्य येतं, आणि वादाचं मूळ त्या ‘पण’मध्येच आहे. ‘आमच्यासाठी’ म्हणजे देशासाठी, असं ट्रम्प यांनी नंतर सांगितलं. मराठीत आम्ही आणि आपण वेगळे असल्याने झेलेन्स्की त्यात नाहीत एवढं कळतं. देश की प्रचार, हे मराठीतही उलगडत नाही. तसंच राहू द्या, आपण निवाडा करू नये.

फोनच्या त्या प्रसिद्ध झालेल्या कागदाला ‘प्रतिलिपी’ मात्र म्हणू नका. ही शब्दशः नोंद नाही, असं त्यावरच छापलं आहे. तो फोन ऐकणारे व्हाइट हाउसमधले अधिकारी लेफ्टनंट कर्नल विंडमन यांच्या साक्षीनुसार झेलेन्स्की यांनी ‘बुरिस्मा’ हे नाव घेतलं होतं, टिपणात मात्र नुसतं ‘कंपनी’ आहे. ‘टिपण’ हाच शब्द योग्य.

आणखी एक सूचना : ‘हिअरसे’ला ‘सांगोवांगी’ लिहिण्याचा मोह होईल, पण त्यात तुच्छता आहे. ‘ऐकीव पुरावा’ बरा. आणि तो ऐकीव का राहिला, हेही लेखात यावं. व्हाइट हाउसचे तेव्हाचे प्रभारी चीफ ऑफ स्टाफ मुलव्हेनी, माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार बोल्टन यांच्यासारखे थेट माहितगार समितीपुढे आलेच नाहीत, आणि चौकशीला सहकार्य करणार नाही असं व्हाइट हाउसने ८ ऑक्टोबरच्या पत्रात कळवलं होतं. ज्याने या फोनबद्दल तक्रार केली त्या ‘व्हिसलब्लोअर’ला ‘जागल्या’ म्हणा. गावगाड्यातला हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी छान जिवंत ठेवला आहे.

उत्तर : ‘पक्षपाती’बद्दल राहिलं. तो दोषारोप आहे. ३१ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहात चौकशीची कार्यपद्धती २३२ विरुद्ध १९६ मतांनी ठरली, एकही रिपब्लिकन मत बाजूने नव्हतं. याला ‘पक्षनिहाय मतविभागणी’ म्हणावं, कारण कोण पक्षपाती हे आकडा सांगत नाही. १९७४मध्ये निक्सन यांच्यावरचा पहिला आरोप न्यायिक समितीत २७ विरुद्ध ११ने मंजूर झाला, त्यात सहा रिपब्लिकन होते. तेव्हाही पक्ष होते, पण नंतर निक्सन यांच्या संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आल्यावर विरोधात मत दिलेल्यांचीही भूमिका बदलली.

प्रतिप्रश्न : शेवटचं. सिनेटच्या निकालाला ‘निर्दोष ठरले’ म्हणू ना?

उत्तर : नको. ५ फेब्रुवारी २०२०ला दोषी ठरवण्याच्या बाजूने एका आरोपावर ४८ आणि दुसऱ्यावर ४७ मतं पडली. सगळे शंभर हजर असताना ६७ लागत होती. लमार अलेक्झांडर या रिपब्लिकन सिनेटरने तर आधीच निवेदन दिलं होतं की घडलेली गोष्ट सिद्ध झाली आहे, ती अनुचित होती, पण पदावरून काढण्याइतकी नाही. त्यांचं मत मुक्ततेच्या बाजूने मोजलं गेलं. ‘निर्दोष’ लिहिलं तर त्यांनी न म्हटलेलं त्यांच्या तोंडी घातल्यासारखं होईल. ‘दोषी ठरवण्यास लागणारी दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत’ असं सरळ लिहा. लांब होईल, पण नेमकं होईल.